घडीची सायकल, कर्जत लोकल आणि उल्हासचं खोरं: मे ते होळी वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. सायकल म्हणून ही मध्यम आहे. चढाला रडवते, खड्ड्यात मनगटं दुखवते, आणि उचलून जिना चढायचा म्हटलं की आपल्या हौसेचा राग येतो. तरीही मी ती विकणार नाही, कारण ती लोकलमध्ये शिरते.

वीस इंची चाकं, सात गिअर, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, वजन चौदा किलोच्या आसपास. मधून दुमडते, हँडल खाली पडतं, सीट आत जाते. घडी घालायला सुरुवातीला यूट्यूब पाहावं लागायचं; आता फलाटावर गाडी शिरताना दिसली की घालायला घेते आणि डबा समोर येईपर्यंत होते.

आमच्याकडे गाडी नाही. परळच्या चाळीत ती लावणार कुठे, हाही प्रश्न आहेच. माझे सायकलवाले मित्र कारच्या मागे स्टँडवर सायकली बांधून कर्जतला जातात, एखाद्या हॉटेलच्या आवारात गाडी लावतात, आणि कितीही लांब गेले तरी संध्याकाळी त्याच हॉटेलात परत येतात. यावंच लागतं, गाडी तिथे आहे ना! नदीबरोबर फिरायचं असेल तर ही मोठीच अडचण. नदी काही गोल फिरून मूळ जागी येत नाही. मी कर्जतला उतरते आणि नेरळ, शेलू, वांगणी किंवा बदलापूर, जिथे पाय थकतील तिथे गाडी पकडते. कर्जत ते बदलापूर रेल्वेने साधारण 32 किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरात उल्हास नदी नि रेल्वे एकमेकींना फारसं सोडत नाहीत. पंक्चर काढता आलं नाही, पाऊस कोसळला, कंटाळा आला, तरी पुढचं स्टेशन तासाभराच्या आत असतं. एकटीने फिरणाऱ्या बाईला या गोष्टीचं मोल जास्त आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता लोकलबद्दल, कारण वापराचा निम्मा अनुभव तिथलाच आहे. लगेजच्या डब्यात चढायचं. सामानाच्या तिकिटाचे नियम आधी खिडकीवर विचारून घ्या, तिथल्या तिथे वाद घालत बसू नका. आठवड्यातल्या दिवशी सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे येत असते आणि आपण उलट दिशेला. संध्याकाळी गर्दी उत्तरेला, आपण पुन्हा उलटे. त्यामुळे मंगळवार-बुधवारची रजा टाकली तर डब्यात सायकलसकट बसायलाही मिळतं. रविवारी मात्र मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तर पडूच नये. भिवपुरीच्या धबधब्याला निघालेली पोरं लगेजच्या डब्यातही उभी असतात.

डब्यातल्या मंडळींनी मला कधी त्रास दिला नाही. पाटीवाल्या एका मावशींनी पहिल्यांदा ही घडी पाहिली तेव्हा विचारलं, "काय गं बाई, अपघात झाला का हिला?" आता त्याच मावशी ओळखीच्या झाल्यात आणि सरकून जागा करतात. अट एकच: चेनची बाजू भिंतीकडे. कुणाच्या भाजीच्या गाठोड्याला ग्रीस लागलं तर ऐकून घ्यावं लागेल, आणि ते रास्तच असेल.

खोऱ्यातला माझा आवडता रस्ता कोंदिवड्याचा. उल्हास उगम पावते राजमाचीच्या डोंगरांत, आणि कोंदिवडं त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आहे. कर्जतहून दहा-बारा किलोमीटर, जवळजवळ सपाट. दोन्ही अंगाला भातखाचरं, अधूनमधून फार्महाऊसची मोठमोठी फाटकं, आणि समोर सह्याद्रीची भिंत जवळ येत जाते. अशा रस्त्यावर ही सायकल खरोखर छान चालते. सीटवर ताठ बसायला मिळतं, कुंपणापलीकडचं दिसतं. रेसिंग सायकलवर मान खाली घालून जाणारे शनिवारी शेजारून सुर्रकन जातात. त्यांना भातखाचरातले बगळे दिसत नसणार.

रस्ता संपल्यावर सायकल गावात कुणाच्या तरी पडवीत ठेवायची (विचारून, आणि परतताना चहा नाकारायचा नाही) आणि चालत कोंडाणे लेण्यांपर्यंत चढायचं. ही बौद्ध लेणी फार जुनी, इसवीसनापूर्वीची. तिथे एक छोटा ब्राह्मी लेख आहे: कन्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बस, एवढंच. मुंबईला परतताना ते एक नाव डोक्यात घोळत राहतं.

पावसाळा संपल्यावर खोरं शांत होतं, पण उल्हास कोरडी पडत नाही. यामागे एक कारण आहे जे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 मध्ये सुरू झालं. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी बोगद्यातून नि पाइपांतून खाली येतं, वीज करतं आणि उल्हासला मिळतं. म्हणजे जे पाणी एरवी भीमेतून पूर्वेकडे गेलं असतं, ते मार्च महिन्यात कर्जतच्या पुलाखाली वाहताना दिसतं. आजूबाजूचे ओढे ठणठणीत कोरडे असताना ही वाहती कशी, याचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

दुसरा रस्ता कर्जत, कडाव, कशेळे, कळंब, नेरळ असा. साधारण 35 किलोमीटर. कशेळ्याहून आत आंबिवलीकडे वळलं तर कोथळीगडाचा सुळका दिसत राहतो आणि चिल्हार नदीकाठी आणखी एक लेणं आहे. पण इथेच सायकलची मर्यादा कळते. पुढची, पायडलजवळची चकती 52 दातांची, मागची सगळ्यात मोठी 28 ची. छोट्या चाकाच्या हिशोबाने सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीला ती पावणेतीन मीटरच्या वर पुढे सरकते. सपाटीवर ठीक. आंबिवलीच्या अलीकडच्या चढांवर, पाठीवर सामान घेऊन, मी सरळ उतरून ढकलते. लाज वगैरे वाटत नाही, पण विक्रेत्याने "घाटातसुद्धा आरामात" म्हटलं होतं ते आठवतं.

पावसाळ्याबद्दल नीट सांगायला हवं. हिरवाई पाहायची तर जुलै-ऑगस्टच, पण ही नदी पुराची आहे. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान याच उल्हासच्या पुरात अडकली होती, आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हा ऑरेंज अलर्ट असेल तर घरी भजी तळावीत. साध्या पावसातही लाल चिखल रिमवर बसतो आणि ब्रेकची रबरं घासून काढतो. माझा पहिला जोड एका पावसाळ्यातच संपला. ओल्या रिमवर ब्रेक लागायला लागणारा तो एक क्षण उतारावर फार लांब वाटतो. ज्यांना पावसात नियमित फिरायचंय त्यांनी डिस्क ब्रेकचं मॉडेल बघावं, थोडं वजन वाढलं तरी.

देखभालीत एक सुखद धक्का होता. मला वाटलं होतं घडीच्या सायकलची ट्यूब म्हणजे ऑनलाइन मागवा नि आठवडाभर बसा. पण लहान मुलांच्या वीस इंची सायकलीला जी 1.75 इंच रुंदीची ट्यूब लागते तीच हिला बसते, आणि ती कर्जतच्या बाजारातही मिळते. फक्त वीस बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश अशी ट्यूब-टायर कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. आकडा वीसच असला तरी रिमचा व्यास वेगळा आहे, टायर बसत नाही. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

तक्रारीची गोष्ट म्हणजे हँडलच्या दांड्याचं बिजागर. दोन महिन्यांत कुरकुरायला लागलं. दुकानात नेली तर "नवीन आहे मॅडम, बसेल हळूहळू" म्हणून परत पाठवलं. परळच्याच एका जुन्या सायकल मिस्त्रीने एलन कीने (षटकोनी चावीने) लॅचचा, म्हणजे बिजागर बंद ठेवणाऱ्या खिट्टीचा, ताण वाढवला, पाच मिनिटांत आवाज बंद. घेणाऱ्याने ही चावी पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावी आणि निघण्याआधी फ्रेमचा नि हँडलचा असे दोन्ही लॅच हाताने ओढून बघावेत. मुंबईच्या दमट हवेत चेन लवकर गंजते, तिला दर आठवड्याला पुसून तेल द्यावंच लागतं.

सामानाचं म्हणाल तर मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या मला निरुपयोगी ठरल्या. चाक छोटं, कॅरिअर आखूड, टाच प्रत्येक फेरीला पिशवीवर आपटते. पिशवी पुढे लावली की प्रश्न मिटतो, फक्त लोकलमध्ये घडी घालण्याआधी ती काढावी लागते.

उंच माणसाने, म्हणजे सहा फुटांच्या आसपास, सीटचा दांडा पूर्ण वर ओढून चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर दुकानातच ती उचलून दोन जिने चढून बघावं. ज्यांना माळशेज नाहीतर बोरघाट चढायचाय त्यांची ही सायकल नव्हे.

मी सध्या मिस्त्रींना पुढची 52 ची चकती काढून 44 ची बसवायला सांगितली आहे. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेरीला सुमारे 2.4 मीटर, म्हणजे आंबिवलीच्या चढावर निम्मं तरी अंतर सीटवर बसून जाता यावं. सपाटीवरचा वेग थोडा कमी होईल, पण कर्जत लोकल पकडायला तेवढ्याची गरज पडत नाही. चकती बसली आणि चेन उतरली नाही तर पावसाआधी खांडसपर्यंत जाऊन बघणार आहे.