गळकी जीआय लाइन: तुकडा बदलावा की नवी ओढावी?

जुन्या घरात जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची, लाइन भिंतीत गाडलेली असते. ती गळायला लागली की घरात दोन पक्ष पडतात: एक म्हणतो एम-सीलचा लांबी लावून काम भागवा, दुसरा म्हणतो भिंत फोडा. दोघांनाही थोडं थांबवा आणि आधी गळती कुठं आहे ते शोधा.

रात्री सगळ्या तोट्या बंद करून टाकीत काडी बुडवा आणि पातळी मोजा. कूलरला फ्लोट असेल तर त्याचाही कॉक बंद करा, उन्हाळ्यात नेमका तोच राहून जातो. सकाळी पाणी उतरलेलं असलं तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद करून पुन्हा मोजा. आता उतरलं नाही तर दोष लाइनीत, तरीही उतरलं तर टाकीत. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ घाला. न ओढता भांड्यात निळं पाणी आलं की वॉशर गेला. भिंतीची ओल मात्र पावसाळ्यात काहीच सांगत नाही. एप्रिल-मेच्या उन्हातही भिंत ओली राहत असेल तर ते बहुधा पाइपाचंच पाणी.

एम-सील ओल्या, गंजक्या पाइपावर धरत नाही. पाणी बंद करून, पाइप घासून, कोरडा करूनच लावावा लागतो. उघड्यावरच्या पाइपाला रबरी पट्टीचा क्लॅम्प त्याहून बरा. सोयाबीन काढणीच्या धामधुमीत मिस्त्री मिळत नसेल तर तेवढे दिवस निघतात, पण भिंतीतल्या पाइपाला हे दोन्ही उपाय करून वरून प्लास्टर मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

गळती एकाच सांध्यात असेल आणि बाकी पाइप धड असेल तर तुकडा बदला. जीआयला आटे असतात, त्यामुळे मधलाच पाइप फिरवता येत नाही. मिस्त्रीला तिथं युनियन, म्हणजे पाइप न फिरवता उघडता येणारा जोड, टाकायला सांगा. काढलेला तुकडा हातात घेऊन आतून बघा. खाराने भोक बोटभरसुद्धा उरलं नसेल, किंवा पाना लावताच आटे तुटत असतील, तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे फुटणारच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, बोअरचं पाणी खारं असल्याने लोखंड लवकर खातं. तिथं मी तुकड्याच्या भानगडीत पडणार नाही.

नवी लाइन प्लास्टिकच्या पाइपाची ओढायची तर यूपीव्हीसी स्वस्त, पण ती गार पाण्यापुरतीच. गिझर असेल तर त्या फाट्याला सीपीव्हीसी घ्या, ती ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसते. दोन्ही अर्धा इंचीच म्हणवतात, तरी यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी आणि सीपीव्हीसीचा १५.९ मिमी. एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही, सांधे चिकटवायचं सोल्युशनही वेगळं लागतं. तालुक्याहून सामान आणताना हे बघून घ्या, नाहीतर एका एल्बोसाठी फेरी पडते. लाइन भिंतीबाहेरून उघडी न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला बरी नाही, पण गळती दिसते. उन्हात पाइप ठिसूळ होतो, म्हणून सावलीची बाजू निवडा किंवा त्यावर पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारा.

आंगणातून जाणाऱ्या लाइनीचं गणित वेगळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधे ओढते. तिथं जुना सांधा पुन्हा जोडण्यापेक्षा नवा पाइप टाका आणि भोवती रेतीचा थर द्या. नळ दोन-चार दिवसांआड येत असेल आणि लाइन नालीजवळून जात असेल तर यात चालढकल नको: पाणी गेल्यावर रिकामा पाइप त्याच भोकातून नालीचं पाणी आत ओढतो आणि कावीळ, हगवण घरात येते.

सोल्युशन लावल्यावर पाइप लगेच भरू नका. रात्रभर सुकू द्या, सकाळी पाणी सोडून सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा, आणि मगच मिस्त्रीला चर बुजवू द्या.