शेकी की वॉबली?

एखादी गोष्ट स्थिर नाही हे इंग्रजीत सांगायचं झालं की आपल्यातल्या बहुतेकांच्या तोंडी आधी ‘शेकी’ येतं. ‘वॉबली’ माहीत असतं, पण ते जरा पोरकट वाटतं म्हणून मागे राहतं. मी दोन्ही भरपूर वापरलेत. रोजच्या बोलण्यापुरता माझा कल आता वॉबलीकडे आहे, आणि त्याला कारण घडलं ते घरातच.

आई इंग्लंडला आमच्याकडे आली होती. खुर्चीतून उठली की पहिली दोन-चार पावलं तिचे पाय लटपटायचे, भिंतीला हात टेकून थांबावं लागायचं. बायकोने दवाखान्यात फोन करून सांगितलं, ‘शी इज फीलिंग शेकी.’ झालं! ताप आहे का, थंडी वाजते का, हात कापतात का, डायबिटीस आहे का, शेवटचं कधी जेवल्या? डॉक्टरांचं यात काही चुकलं नाही. माणसाबद्दल ‘शेकी’ म्हटलं की इंग्रजी कानाला थरथर ऐकू येते, आणि रक्तातली साखर उतरली की अंगाला कंप सुटतोच. पण आईचे हात चांगले सुईत दोरा ओवण्याइतके स्थिर होते! मी फोन घेऊन ‘वॉबली ऑन हर फीट’ एवढंच म्हणालो, आणि चौकशी मुद्द्यावर आली: पडल्या का, उठताना चक्कर येते का, बीपीची गोळी बदलली का?

फरक हालचालीच्या जातीचा आहे. शेकी म्हणजे बारीक, भराभर होणारी थरथर. वॉबली म्हणजे तोल या बाजूला, मग त्या बाजूला जाणं. लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 रोजी खुला झाला आणि गर्दी होताच आडवा डोलायला लागला. त्या डोलण्याला सावरताना लोकांची पावलं नकळत एका ठेक्यात पडत गेली आणि डोलणं आणखी वाढलं. दोन दिवसांत पूल बंद केला, डोलणं शोषून घेणारे डँपर बसवले आणि 2002 मध्ये पुन्हा उघडला. लोकांनी त्याला नाव दिलं ते वॉबली ब्रिज. याउलट आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात 1927 चा एक झुलता पादचारी पूल आहे, त्याला गावकरी शेकी ब्रिज म्हणतात. तो पावलांखाली वरखाली हादरतो. नेहमी इतकी काटेकोर वाटणी असते असं मी म्हणणार नाही. रडू आवरणाऱ्या माणसाच्या आवाजाला दोन्ही शब्द चालतात. पण डुगडुगणारं टेबल, हलणारा दुधाचा दात, आउट झालेलं सायकलचं चाक यांना वॉबलीच शोभतं.

शेकीची स्वतःची जागा आहे आणि तिथे वॉबली पोचत नाही. पुरावा लेचापेचा असेल तर ‘शेकी एव्हिडन्स’, सामन्याची सुरुवात अडखळत झाली तर ‘शेकी स्टार्ट’. हातात मोबाइल धरून काढलेला व्हिडिओही शेकीच. मात्र याच सवयीमुळे शेकी म्हटलं की भरवसा नसल्याचा वास येतो, तो मला टेबलाला किंवा माणसाला उगाच चिकटलेला आवडत नाही.

तिसरा शब्द ‘रिकेटी’, तो या दोघांच्या वाटेला जात नाही. त्याचं मूळ रिकेट्समध्ये, म्हणजे मुडदुसात आहे. हाडं मऊ पडून पाय वाकतात तो आजार. खिळखिळी खुर्ची, मोडकळीला आलेला जिना यांना रिकेटी ठेवा. नव्याकोऱ्या टेबलाचा एक पाय आखूड असेल तर ते वॉबली, रिकेटी नाही.

कागदावर लिहायचं असेल, विशेषतः डॉक्टरांसाठी, तर ‘अनस्टेडी’ बरं. रिपोर्टात ‘अनस्टेडी गेट’ (gait, म्हणजे चालण्याची ढब) असंच लिहिलेलं असतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी दातासाठी ‘लूज’ म्हणावं, आणि ‘थ्रो अ वॉबली’ म्हणजे थयथयाट करणं हा ब्रिटिश प्रयोग तिथे टाळावा. पायांबद्दल मात्र वॉबली तिथेही नीट कळतं.