बर्फाखालचं विवर: रडार घ्यावं की वाळू?

नांदेड-संभाजीनगरच्या एमएस्सीवाल्याने प्रबंधाला बर्फाखालची अशनी-विवरं घेतली, की वाटा दोनच: रडारच्या नोंदी किंवा वाळूचे कण. एकच सत्र हाताशी असेल तर रडार घ्या.

त्याला लॅपटॉप पुरतो. नासाच्या ऑपरेशन आइसब्रिजच्या, म्हणजे विमानातून केलेल्या बर्फाच्या पाहणीच्या, नोंदी फुकट मिळतात. बर्फात रडारची लहर मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर जाते. पृष्ठभागापासून तळाला जाऊन प्रतिध्वनी ११ मायक्रोसेकंदांनी परतला, तर जाण्या-येण्याचं अंतर निम्मं करून बर्फ साधारण ९२४ मीटर जाड. पृष्ठभागाच्या उंचीतून ही जाडी वजा केली की तळ मिळतो. ग्रीनलंडमधलं ३१ किलोमीटर रुंदीचं हायावाथा विवर असंच हाती लागलं, २०१८ मध्ये जाहीर झालं: उंच कडा, सपाट तळ, मध्ये उंचवटे.

फसगत होते ती अशी. बाजूच्या दरीच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी थेट खालून आल्यासारखा दिसतो. शिवाय दोन विमानमार्गांमधली जागा संगणकाने अंदाजाने भरलेली असते. म्हणून गोल आकार तयार नकाशावर दिसला तरी मूळ रडारपटावर ताडून बघा. एवढं करूनही कळतो तो आकारच. हायावाथापासून १८३ किलोमीटरवरचा ३६.५ किलोमीटरचा दुसरा गोल २०१९ मध्ये 'संभाव्य' म्हणूनच मांडला गेला. गुरुत्वमापनाचं तर विचारूच नका. त्यावरून मांडलेलं अंटार्क्टिकातल्या विल्क्स लँडचं विवर २००६ पासून वादातच आहे.

पुरावा हवा असेल तर वाळू. हायावाथाच्या हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहाने बाहेर आणलेल्या वाळूत टकरीचा धक्का बसलेलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) मिळालं. २०२२ मध्ये तिथल्याच वाळू-खड्यांवरून वय सुमारे ५.८ कोटी वर्षं ठरलं आणि बर्फयुगातल्या टकरीची चर्चा बारगळली. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या थिन सेक्शनमध्ये, म्हणजे पातळ कापात, सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झच्या कणांत सरळ, समांतर, २ मायक्रॉनहून बारीक रेषा शोधायच्या. त्या वाकड्या आणि जाड असतील, तर तो भूकवचातला साधा ताण.

ग्रीनलंडची वाळू इथे कोण आणून देणार? हात बसवायला मंठ्यापलीकडचं लोणार आहे, पण तिथे क्वार्ट्झ शोधत बसू नका. आपल्या काळ्या दगडात ते मुळात नसतं, पोकळ्यांत मागाहून भरलेलं असतं. त्या दगडातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज बघा. जोरदार धक्क्याने त्याचं मास्केलिनाइट, म्हणजे काच, होतं: आकार जुन्या स्फटिकाचाच, पण सूक्ष्मदर्शकाचे दोन पोलरॉइड एकमेकांना आडवे (क्रॉस) करून काप ठेवलेली स्टेज पूर्ण फिरवली तरी कण काळाच. कापातलं भोकही तसंच काळं दिसतं, म्हणून आधी साध्या प्रकाशात कणाच्या कडा बघून घ्या. लोणार अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय खडाही उचलता येत नाही. अर्ज विषय मंजूर व्हायच्या आधीच टाका.