विंडोज ११ चं स्टँडर्ड अकाउंट: रोजच्या वापरासाठी हेच घ्या

विंडोज बसवताना तयार होणारं पहिलं खातं सगळे अधिकार असलेलं, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं आणि बहुतेक घरांत सगळे तेच वापरतात. धोका इथेच आहे. अ‍ॅडमिन खात्यात सॉफ्टवेअर टाकताना किंवा महत्त्वाची सेटिंग बदलताना येणारी परवानगीची खिडकी फक्त 'येस' की 'नो' विचारते; घाईत बोट 'येस'वरच पडतं. स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या खात्यात त्याच खिडकीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड किंवा पिन टाकावा लागतो, त्यामुळे हात आपोआप थांबतो.

बदल करताना क्रम चुकवू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन आधी नवं खातं तयार करा, 'चेंज अकाउंट टाइप'मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि त्यातून एकदा लॉगिन करून बघा. मगच तिथून जुनं खातं स्टँडर्डवर आणा. फाइल्स जागच्या जागी राहतात. नव्या खात्याचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून जपून ठेवा. तो विसरलात तर साधा प्रिंटर ड्रायव्हर टाकतानाही अडून बसाल.

ही परवानगीची खिडकी दाखवणाऱ्या सोयीला यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल) म्हणतात. ती किती वेळा विचारेल हे ठरवणारी पट्टी चार पायऱ्यांची आहे. अ‍ॅडमिन खात्यावरच राहायचं असेल तर पट्टी सर्वांत वर, 'ऑलवेज नोटिफाय'वर न्या. तळाशी कधीच नको.

उणिवा आहेत. 'प्रोग्रॅम फाइल्स' या विंडोजच्या फोल्डरमध्येच माहिती साठवणारी काही जुनी सॉफ्टवेअर्स अडखळतात. शिवाय रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, तुमच्या स्वतःच्या फोटोंना स्टँडर्ड खात्यातूनही कुलूप लावू शकतं, कारण त्या फाइल्स बदलायला अ‍ॅडमिन लागतच नाही. त्यासाठी वेगळ्या, काम झाल्यावर काढून ठेवलेल्या डिस्कवर बॅकअप हवाच.