गणपतीपुळे साइटसीइंग पॅकेज: काजूला पन्नास मिनिटं, केशवसुतांना वीस

पाचपैकी तीन स्टार देतेय, त्यातले दोन ड्रायव्हरदादांचे आणि एक सोलकढीचा. एजन्सीचं नाव टाकत नाही कारण पुळ्यात ज्या तीन जणांकडे चौकशी केली त्यांची पॅकेजेस आणि रेट जवळपास सेमच होते, त्यामुळे एकालाच झोडपण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. पूर्ण दिवसाची गाडी घेतली, जयगड, कऱ्हाटेश्वर, जय विनायक मंदिर, मालगुंड, प्राचीन कोकण हे संग्रहालय आणि शेवटी आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. गाडी स्वच्छ होती, एसी चालू ठेवा म्हटल्यावर चालू राहिला (हे लिहायला लागतं कारण मागच्या ट्रिपला चढ आला की एसी बंद असा प्रकार होता), दादा वेळेवर, गाडी शांत चालवणारे, आणि सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत हे एकदा सांगितल्यावर प्रत्येक ठिकाणी गाडी अगदी जवळ नेऊन लावत होते. जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते ते बुरुजावरून बघायला फार भारी वाटतं, कऱ्हाटेश्वर तर एकदम पाण्याच्या कडेलाच. इथपर्यंत सगळं छान. जेवण दादांच्या ओळखीच्या घरगुती खानावळीत, सोलकढी दोनदा मागितली तरी कुणी तोंड वाकडं केलं नाही.

मग घोळ सुरू. जेवण झाल्या झाल्या गाडी काजू, कोकम, आंबापोळीच्या दुकानापाशी थांबली, जे पॅकेजच्या यादीत नव्हतंच. 'ताई बघून तर या, घ्यायलाच पाहिजे असं नाही.' बघून या म्हणता म्हणता पन्नास मिनिटं गेली, मी घड्याळ लावून मोजली. आणि मालगुंडला कवी केशवसुत स्मारकापाशी उतरताना दादा म्हणाले, 'वीस मिनिटं हां ताई, मग प्राचीन कोकण बंद होईल.'

मी मराठी शिकवते. नववी-दहावीला. या पॅकेजमधलं मला खरं बघायचं ठिकाण हे एकच होतं, बाकी सगळं घरच्यांसाठी. त्यामुळे ते वीस ऐकून माझं डोकंच फिरलं, पण सासूबाई गाडीतून उतरून चालायला पण लागल्या होत्या म्हणून गप्प बसले.

स्मारकाबद्दल थोडक्यात सांगते, पॅकेजवाल्यांच्या कागदावर फक्त 'कवीचे घर' एवढंच छापलंय. कोकण मराठी साहित्य परिषदेने, लेखक मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने हे उभं केलं, १९९४ साली उद्घाटन झालं. केशवसुतांचं जन्मघर जुन्या पद्धतीनं नीट राखलंय, उतरती कौलं, ओटी, आत अंधारलेलं माजघर, बुटक्या चौकटी (नवऱ्याने कपाळ आपटून घेतलं). आवारात दगडांवर कविता कोरलेल्या आहेत, शिवाय मराठीतल्या पुढच्या कवींची माहिती मांडलेलं दालन आणि ग्रंथालय. वीस मिनिटांत यातलं काय बघणार हो? आम्ही दालनात पळत पळत फिरलो, मुलाने सात-आठ फोटो मारले आणि हॉर्न वाजला. खरंच हॉर्न वाजवला.

पण त्याच्या आधी एक गंमत झाली. दगडावरची 'तुतारी' दिसल्याबरोबर सासूबाईंनी चष्मा पण न लावता सुरू केलं, 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने', सत्तरीच्या बाई, शाळेत पाठ केलेली, एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडचे दोन टुरिस्ट वळून बघायला लागले. मग खाली जन्म-मृत्यूची सालं वाचून हिशोब केला आणि म्हणाल्या, 'अगं, एकोणचाळीसच? म्हणजे आपल्या ह्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.' माझ्या नवऱ्याकडे हात करून. तो कपाळ चोळत उभा होता.

मला ते रात्रभर डोक्यात राहिलं. आपल्याला केशवसुत म्हटलं की एकदम पुतळ्यासारखं काहीतरी येतं, 'आधुनिक मराठी कवितेचे जनक', दोन गुणांचा प्रश्न. मी स्वतः चौदा वर्षं तेच फळ्यावर लिहितेय, इंग्रजीतल्या सॉनेटवरून मराठीत सुनीत (चौदा ओळींची कविता) आणलं वगैरे, मुलं लिहून घेतात, संपलं. पण कृष्णाजी केशव दामले हा माणूस पोटासाठी मास्तर होता, आणि मास्तर म्हणून त्याला कुठे टिकताच आलं नाही. वडील केशवपंत पण शिक्षकच, म्हणजे घरात पैसा नव्हताच. शिक्षणासाठी बडोदा, वर्धा, नागपूर असं फिरत फिरत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झाले ते १८८९ ला, तेव्हा वय तेवीसच्या आसपास, लग्न आधीच झालेलं. पुढे मुंबईत मिळेल ती नोकरी, कधी मिशनची शाळा तर कधी दादरची. त्यात मुंबईत १८९६ ला प्लेग आला. मुंबई सुटली ती खानदेशात भडगाव, मग फैजपूर, आणि १९०४ ला धारवाडचं सरकारी हायस्कूल, मराठीचे शिक्षक म्हणून. जरा कुठे सरकारी नोकरी म्हणून बूड टेकतंय तर दुसऱ्याच वर्षी हुबळीला गेले असताना प्लेगनेच गाठलं, ७ नोव्हेंबर १९०५. पाठोपाठ काही दिवसांत बायको पण गेली. घरात मुली राहिल्या. ज्या रोगामुळे मुंबई सोडली तोच नऊ वर्षांनी एवढ्या लांब येऊन भेटला.

मी पण चौदा वर्षांत पाच शाळा बदलल्यात, त्यातल्या तीन तर तासिका तत्त्वावर, जूनमध्ये ऑर्डर आणि एप्रिलमध्ये नारळ. प्लेग नव्हता एवढंच. त्यामुळे 'तुतारी' आता वेगळी वाचली जाते माझ्याकडून. १८९३ ची कविता आहे ती, तेव्हा हा सत्ताविशीतला अबोल मास्तर मुंबईत तुटपुंज्या पगारावर दिवस काढतोय, वह्या तपासणं आलंच असणार, आणि लिहितोय काय तर जुने जाऊ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका. त्याच वर्षी 'झपूर्झा'. आणि हयातीत स्वतःचा एक संग्रह नाही बघायला मिळाला, नियतकालिकांत सुटं सुटं छापून यायचं तेवढंच, पुस्तक निघालं ते गेल्यानंतर दहा-बारा वर्षांनी, कादंबरीकार ह. ना. आपट्यांनी काढलं. सगळ्या मिळून कविता सव्वाशेच्या थोड्या वर. ज्यांच्या व्याकरणाने आम्हाला कॉलेजात रडवलं ते मोरो केशव दामले म्हणजे केशवसुतांचे सख्खे धाकटे भाऊ, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर जायचं सोडून मी आणि सासूबाई रिक्षा करून परत मालगुंडला गेलो. पुळ्याहून जेमतेम दोन किलोमीटर आहे हो, दहा मिनिटं लागतात, यासाठी पॅकेजची गरजच नाही हा या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा समजा. रस्त्याकडेला भात कापून झालेलं, उडव्या रचलेल्या. सकाळी आवारात आमच्याशिवाय एक झाडणाऱ्या मावशी होत्या फक्त. आम्ही दोन तास काढले. एकेक दगड वाचला, सासूबाई मोठ्याने आणि मी मनात. 'आम्ही कोण?' वर त्यांचं म्हणणं की भलताच आगाऊपणा आहे, देवाचे लाडके काय, दिधले असे जग खेळावया काय. मी म्हटलं आई, ज्याच्या खिशात काही नाही त्यानेच असं म्हणायचं असतं. त्यावर त्या 'हं' म्हणाल्या, पटलं की नाही माहीत नाही.

मग ओटीवर टेकलो. मी त्यांना मोबाईलवर 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' वाचून दाखवली, ती १८८८ ची, म्हणजे मॅट्रिक पण झाले नव्हते तेव्हा. सावली पडेल म्हणून रस्त्यातून हाकललेलं पोर घरी येऊन आईला विचारतं. माझ्या वर्गात ही एकदा घेतली होती, अभ्यासक्रमात नसताना, ऑफ तासाला, मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर झेरॉक्स मागायला आला होता. चौदा वर्षांत कवितेची झेरॉक्स मागणारा तो एकटाच. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ अंगणाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'मुलींना कुणी सांभाळलं गं पुढे?' मला तेवढं माहीत नव्हतं. मी दहावीला शिकवते आणि मला हे कधी विचारावंसं पण वाटलं नव्हतं.

असो. एजन्सीला फोन करून सांगितलं की मालगुंडला तासभर तरी ठेवा आणि दुकान यादीत छापा, म्हणजे माणूस तयारीने येईल. समोरून 'नोट केलंय मॅडम'. दादांना वेगळे दोनशे दिले होते, त्यांचा काही दोष नाही, दुकानातून त्यांना काही सुटत असेल तर सुटू दे, दिवसभर गाडी हाकायची म्हणजे सोपं नाही, फक्त तो हॉर्न नको होता.

जाणाऱ्यांसाठी: जयगडला जायचं असेल तर गाडी घ्याच, लांब आहे. मालगुंड स्वतंत्र करा, सकाळी, तिकीट नाममात्र आहे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर घरात जाताना चौकटीला डोकं सांभाळा आणि पाण्याची बाटली ठेवा. रिक्षा थांबवून ठेवायचे वेगळे पैसे मागतात, ठेवू नका, आम्ही रस्त्यावर आलो तर पाच मिनिटांत दुसरी मिळाली. काजू मात्र त्या दुकानातलेच चांगले निघाले, हे पण खरंय, अजून अर्धा किलो शिल्लक आहेत.