एका विद्यापीठीय प्रकाशनाचं वार्तापत्र: बातम्या पचपचीत, मुलाखती वाचनीय

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकखरेदी माझ्याकडे आहे, त्यामुळे प्रकाशकांची वार्तापत्रं मेलमध्ये येऊन पडतच असतात. बहुतेक मी न उघडताच उडवते. एका जुन्या विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेचं मात्र नेमाने वाचते. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांच्याच प्रतिनिधीशी मला सवलतीची घासाघीस करायची असते. वार्तापत्र फुकट आहे. विषय निवडायचे, मेल द्यायचा, की झाली नोंदणी.

वरचा अर्धा भाग बातम्यांचा. अमक्या पुस्तकाला पुरस्कार, तमकं लघुयादीत, भाषांतराचे हक्क विकले गेले, लेखिका कुठल्याशा परिषदेत बोलणार. पुस्तकात आहे काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. जे येईल ते ‘मूलगामी’. लघुयादीची बातमी ठळक टाइपात येते, पण बक्षीस हुकलं तर पुढच्या अंकात चकार शब्द नसतो. माझ्या कामाच्या दोनच गोष्टी: पेपरबॅक कधी येणार आणि कुठलं पुस्तक मुक्त प्रवेशात आहे, म्हणजे कायदेशीरपणे फुकट उतरवून घेता येईल. विद्यापीठीय मोनोग्राफ, म्हणजे एकाच विषयावरचं संशोधनपर पुस्तक, बऱ्याचदा आधी हार्डबॅकमध्ये निघतो. प्रती मोजक्या आणि किंमत ग्रंथालयांकडे बघून लावलेली. पेपरबॅक आलाच तर पुष्कळदा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा. म्हणजे थांबायचं की घ्यायचं, हा निर्णय त्या तारखेवर असतो, आणि ती तारीख हे लोक तळाला बारीक अक्षरांत छापतात.

आता मुलाखती. नोंदणी करावी ती यांच्यासाठी.

पण त्या कशा तयार होतात, ते आधी लक्षात घ्या. समोरासमोर गप्पा क्वचितच होतात. प्रसिद्धी विभाग प्रश्न मेलने पाठवतो, लेखक सवडीने उत्तरं लिहितो. त्याआधीच त्याच्याकडून एक लांबलचक फॉर्म भरून घेतलेला असतो: पुस्तकाचा सारांश द्या, वाचक कोण, याच विषयावरची इतर पुस्तकं कोणती, अभिप्रायासाठी प्रत कुठल्या नियतकालिकांना पाठवावी. मुलाखतीत त्या फॉर्मचा वास येतो. ‘हे पुस्तक लिहावंसं का वाटलं?’ हा पहिला प्रश्न मी सरळ ओलांडते. उत्तर ठरलेलं: प्रबंध केला, मग तो वाढत गेला.

खरा माल तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून. साधनं कुठे मिळाली, काय मिळालं नाही, कुठे अडलात, असं विचारलं की प्राध्यापकसुद्धा माणसासारखे बोलायला लागतात. मध्यंतरी छापखान्यांच्या कामगारांवर पुस्तक लिहिलेल्या एका इतिहासकार बाईंची मुलाखत होती. कामगारांनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. मग त्यांनी मालकांच्या हिशेबवह्या घेतल्या आणि मेणबत्त्यांचा खर्च महिन्यामहिन्याने मांडला. कुठल्या महिन्यांत दिवेलागणीनंतरही काम चालायचं, ते त्यावरून निघालं. पुढे त्या हेही सांगतात की एका वर्षाची वही भिजलेली होती, पानं चिकटली होती, म्हणून त्या वर्षाबद्दल पुस्तकात विधानच केलेलं नाही. एवढा एक परिच्छेद वाचून मी ते पुस्तक खरेदीच्या यादीत टाकलं. ब्लर्बने, म्हणजे मलपृष्ठावरच्या स्तुतिपर मजकुराने, माझ्यावर असा परिणाम कधी केलेला नाही.

जो प्रश्न विचारायलाच हवा, तो मात्र इथे कधी दिसत नाही. विद्यापीठीय प्रकाशनाकडे आलेलं हस्तलिखित बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातं, सहसा दोघांकडे. त्यांचे अहवाल येतात, लेखक त्यांना उत्तर देतो, मग विद्यापीठातल्या अध्यापकांचं मंडळ मंजुरी देतं. बाजारातल्या इतर प्रकाशकांपेक्षा यांचं वेगळेपण ते हेच. मग विचारा ना, परीक्षकांनी कुठे हरकत घेतली आणि तुम्ही काय बदललंत? परीक्षकांची नावं गुप्त राहू देत, हरकत सांगायला काय जातं?

त्याऐवजी शेवटी हमखास ‘आजच्या काळात या पुस्तकाचं महत्त्व काय?’ मध्ययुगीन जमीनमहसुलावर आयुष्य घालवलेला बिचारा विद्वान मग आजच्या राजकारणावर गुळमुळीत चार वाक्यं लिहितो. यामागची आशा मला कळते. अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांचं भांडवलावरचं जाडजूड पुस्तक हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने 2014 मध्ये इंग्रजीत आणलं आणि ते धडाक्यात खपलं. तसं आपलंही व्हावं असं कुणाला वाटणार नाही? पण महसुलाच्या पुस्तकाला महसुलाचंच पुस्तक राहू द्यावं.

प्रकाशकाच्या घरची मुलाखत वाचली की मी बाहेरची एखादी शोधते. 2007 मध्ये इतिहासकार मार्शल पो यांनी सुरू केलेल्या ‘न्यू बुक्स नेटवर्क’ या पॉडकास्ट-मालिकांच्या जाळ्यावर बहुधा त्याच विषयातला माणूस लेखकाला बोलतं करतो. आवाज कधी खरखरतो, गाडी भरकटते, पण तासाभरात लेखकाला पाठ केलेली उत्तरं पुरत नाहीत. दुसरी गंमत म्हणजे पान 99 ची कसोटी. इंग्रज कादंबरीकार फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांच्या नावावर सांगितली जाणारी ही कल्पना: पुस्तकाचं नव्याण्णवावं पान उघडा, सगळ्या पुस्तकाचा दर्जा कळेल. खुद्द लेखकांनाच आपलं ते पान तपासायला लावणारा एक उपक्रम आहे, आणि ‘माझं पान 99 अगदीच कंटाळवाणं निघालं’ असं कबूल करणारे लेखक मला फार आवडतात.

राहिल्या सोयी. मी इतिहास आणि भाषाविज्ञान निवडलं, तरी व्यवस्थापनाची पुस्तकं येत राहतात. तीनदा खूण काढली, परत येऊन बसते. जुनी मुलाखत विषयावरून शोधता येत नाही, लेखकाचं आडनाव आठवावं लागतं. ‘पुढे वाचा’वर टिचकी मारली की कधीकधी मुलाखतीऐवजी थेट खरेदीचं पान उघडतं, हे तर चक्क ओढून दुकानात नेणं झालं. मी कळवलं होतं. उत्तर फार नम्र होतं.

पाचपैकी तीन तारे. पेपरबॅकची तारीख तळातून वर आणली तर साडेतीन.