रूनक्वेस्टमधला शामन, आठ महिने टेबलावर चालवल्यानंतर

गेले आठ महिने आम्ही रूनक्वेस्ट हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतोय, 2018 ची ग्लोरांथा या काल्पनिक जगातली आवृत्ती, जीएम (म्हणजे गोष्ट आणि जग चालवणारा) मीच. पहिल्याच दिवशी एकीने सांगितलं मला शामन, म्हणजे आत्म्यांशी व्यवहार करणारी, खेळायचीय आणि मी मनात म्हटलं, झालं कल्याण. आधी खेळलेल्या गेम्समध्ये शामन म्हणजे पिसं खोवलेला जादूगार, बाकी काही नाही.

इथे तसं नाहीये. आत्म्याशी भिडलात की दोघांनी स्पिरिट कॉम्बॅटचे डाइस टाकायचे, हरेल त्याचे मॅजिक पॉइंट जातात आणि शून्यावर आलात की तो तुम्हाला झपाटू शकतो. गंमत अशी की मंत्र टाकायलाही तेच पॉइंट लागतात, म्हणजे दुपारी हौसेने उधळले तर रात्री आत्म्यापुढे उघडे पडलात. एकदा हे अंगाशी आल्यापासून आमच्यात कोणी उगाच मंत्र टाकत नाही :) ग्लोरांथा रचणाऱ्या ग्रेग स्टॅफर्डला खऱ्या शामनिझमचाही नाद होता, ते जाणवतं.

त्रास झाला तो वेगळाच. शामन शरीर सोडून आत्म्यांच्या जगात गेली की बाकीचे मोबाईल काढून बसायचे. एकदा तर पाऊण तास आम्ही दोघंच बोलत होतो, चूक माझीच होती. मग सुचलं की फेच दुसऱ्या कोणालातरी खेळायला देऊन टाकू. फेच म्हणजे शामनचाच आत्म्यांच्या जगातला भाग, ती बाहेर गेली की मागे शरीर तोच राखतो. ग्रुपमधल्या सगळ्यात गप्प पोराला दिला आणि तो असला खडूस निघाला की विचारू नका. सारखं एकच, पकडलास खरा पण त्याला हवंय काय?

त्या प्रश्नावरूनच आम्ही प्रत्येक आत्म्याची चिठ्ठी करायला लागलो, याला काय हवं, काय खपत नाही. नियमात हे नाही, आमचंच. तोवर ती बांधलेले आत्मे बॅटरीसारखे वापरायची. आता एक नदीचा आत्मा आहे, त्याच्यात बुडालेल्या मुलाचं नाव रोज घ्यावं लागतं, एकदा विसरली तर ऐन लढाईत गप्प बसला. त्या सेशनबद्दल अजून बोलतात सगळे.

शामनची खास शक्ती घेतली की बदल्यात टॅबू, म्हणजे एखादी मनाई, पाळायचा. हिचा आम्ही मिळून ठरवला, पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघायचं नाही, आणि पुढची मोहीम निघाली दलदलीतली.

हिशोब मात्र डोकं खातो, फेचचे पॉइंट वेगळे, प्रत्येक आत्म्याचे वेगळे, त्यामुळे त्यांचा वेगळा कागद हवाच. आणि कोणी नवीन सुरू करत असाल तर असिस्टंट शामनपासून करा. मी तिला थेट पूर्ण शामन करून दिली, त्यामुळे फेच जागा करताना बॅड मॅन या शामनची परीक्षा घेणाऱ्या भयानक आत्म्याशी गाठ पडते तो सीन खेळलाच नाही, दोन वाक्यात सांगून टाकला. त्यावरून ती अजून टोमणे मारते.